नळावरचे लंगोट

पूर्णेत माझ्या शेजारच्या खोलीत रेल्वेचा एक कंत्राटी मजूर राहतो. कामावरून आला की त्याची बायको भाकरी टाकायला बसते आणि तो नळाखाली तान्ह्या पोरीचे लंगोट धुतो. प्रत्येक लंगोट पिळून नाकाला लावतो; साबणाचा वास आला की पुन्हा खळबळतो, नाहीतर पोरीला पुरळ उठतं. कधी कधी तो लंगोट हातात घेऊन बसल्या बसल्याच पेंगतो.

“कंटाळा येत नाही का?” मी एकदा विचारलं.

“येतो की मॅडम, लय येतो. पर इकतचे डायपर परवडत न्हाईत.”

मध्यंतरी आठवडाभर आभाळ होतं, लंगोट वाळेनात. मी डायपरचं मोठं पाकीट आणून दिलं. “आज जरा पडतो,” म्हणत त्याने ते दोन्ही हातांनी घेतलं. दुसऱ्या दिवशी बघते तर पुन्हा नळावर! मला रागच आला.

“पाकीट कुठं गेलं?”

“समोरची बाई तान्हं घेऊन ऊसतोडीला गेली, तिला दिलं. तिकडं फडात, कोपीच्या झोपडीत धुवायला पाणी नसतंय म्हणं. आपल्याला नळ तर हाय.”

मी पदर खोचला आणि बादलीतले उरलेले लंगोट पिळायला घेतले. एरवी तो मला कुठल्याही कामाला हात लावू देत नाही. त्या दिवशी नको म्हणाला नाही.