आठव्या महिन्यातलं बिऱ्हाड

समस्त आरोग्य खात्यास गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, आठवा महिना संपेपर्यंत सुलोचनाबाई घराचा उंबरा ओलांडणार नाहीत. हुकूम सासूबाईंचा. त्यावर अपील नाही.

हा हुकूम मी ऐकला तो सुलोचनाच्या ओसरीवर, बीपीचं मशीन मांडीवर घेऊन. सत्तरच्या दशकातली गोष्ट. कुंभार पिंपळगावच्या बाजूला मी नर्स होते. सुलोचनाची पहिलीच खेप. पाय सुजलेले, डोकं ठणकतंय, बीपी एकशेऐंशी. लघवी काचेच्या नळीत घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर तापवली, तर दुधासारखा पांढरा साका धरला. म्हणजे अंगातलं प्रोटीन वाहून चाललंय. अशा बाईला कधीही झटके येतात आणि मग आई, मूल दोघंही हातची जातात.

"आजच जालन्याला ॲडमिट करायचं," मी म्हणाले.

"न्यायचं तर सातव्यात, न्हाई तर नवव्यात," सासूबाई म्हणाल्या. "आठव्यात घर सोडलं की लेकरू हाती लागत न्हाई."

"मावशी, इथं ठेवलीत तर सूनसुद्धा हाती लागायची नाही!"

"सिस्टर, तुम्हाला लेकरं किती?"

माझं तेव्हा लग्नही झालं नव्हतं. वाद तिथंच हरले.

नवरा शाळेत मास्तर. शिकलेला माणूस, म्हणून त्याच्याकडे वळले. "आईचंबी बराबर हाय, तुमचंबी बराबर हाय," असा निकाल देऊन तो पान लावत बसला.

आमच्या हेल्थ सेंटरच्या डॉक्टरांनी जीप दिली होती, पण बारापर्यंतच. पुढे ती नसबंदीच्या कॅम्पला जायची होती. ड्रायव्हर दर पाच मिनिटांनी हॉर्न वाजवत होता. शेवटी मी वैतागून ओरडले, "घर सोडायचं नाही ना? मग घरच टाका जीपमध्ये!"

मी टोमणा मारला होता. सासूबाईंनी तो मंजूर केला.

"चूल जिथं, घर तिथं," म्हणाल्या आणि पदर खोचला.

मातीची चूल निघाली. तवा, काठवट, ज्वारीचं पोतं, पाटीत देव. कोंबडी नको म्हणून मी अडून बसले, तर ती मास्तरांच्या मांडीवर चढली. या सगळ्याच्या मधोमध, गोधडीवर डाव्या कुशीला, आमची पेशंट.

जालन्याच्या दवाखान्यात डॉक्टर गरजले, "सिस्टर, पेशंट आणलाय की बिऱ्हाड?"

"सर, आधी बीपी बघा. मग बिऱ्हाड."

त्यांनी बघितलं आणि तिथल्या तिथं ॲडमिट करून घेतलं. शांत, अंधारी खोली, इंजेक्शन, मीठ बंद. चूल मात्र आवारातल्या लिंबाखाली मांडली गेली. सासूबाई सुनेसाठी अळणी भाजी रांधायच्या आणि उरलेल्या वेळात अख्खा वॉर्ड चालवायच्या. कुणी कसं निजायचं, कुणी काय खायचं, सगळं त्या ठरवायच्या. मी पेशंट बघायला गेले की डॉक्टर सासूबाईंवरचा सगळा राग माझ्यावर काढायचे.

नवव्यात मुलगी झाली. मूठभर, पण रडली दणक्यात. सुलोचनाचं बीपी उतरलं. माझ्यापुरतं एक शिकले: बीपी सुनेचं घ्यावं, पण नाडी आधी सासूची बघावी.

डिस्चार्जच्या दिवशी सासूबाई ऐटीत म्हणाल्या, "सिस्टर, पुढच्या खेपेला सातव्यातच आणते बगा हिला. नातू होऊ द्या."

या सगळ्या भानगडीत सुलोचनाला कुणी एका शब्दानं विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. तिनं खाटेवरून सासूकडे बोट दाखवलं.

"पुढच्या खेपेला आत्याबाईच होतील बाळंतीण. म्या न्हाई!"