लुपे

सिऊलाताईने विणलेली चटई हातात घेतली की कापड धरल्यासारखं वाटायचं. केवड्याच्या पानांच्या बारीक पट्ट्या काढून ती वर्षभर एकच चटई विणत बसे. अशी चटई आमच्याकडे लग्नात निघते, मयताला निघते, नाहीतर माफी मागताना.

त्याच हातांची बोटं आखडली. गालांवर लाली चढली. उन्हात जाऊन आली की तापाने फणफणायची. लघवीला फेस येऊ लागला तेव्हा आम्ही बोटीने आपियाच्या मोठ्या इस्पितळात गेलो. डॉक्टरीणबाई आमच्यातल्याच.

"गावात संध्याकाळी प्रार्थनेची घंटा होते ना?" त्यांनी विचारलं. "समजा, ती दिवसभर वाजत राहिली. तरणी पोरं दांडके घेऊन धावतील आणि बाहेरचं कुणी सापडेना म्हणून आपलीच घरं फोडतील. विषाणू आला की पेशी एकमेकींना इशारा देतात. तुझ्या अंगात विषाणू नसतानाच इशारा चालू आहे, मूत्रपिंडांवर हल्ला होतोय. ऊन लागलं की घंटा आणखी जोरात. या गोळ्या तिला आवरतात. एक दिवसही चुकवू नकोस."

आई बाहेर बाकावर होती. "काय झालंय म्हणे?"

"लुपस," मी सांगितलं.

आईचा पंखा थांबला. आमच्या भाषेत लुपे म्हणजे रानकबूतर.

आम्ही घरी आलो. मग म्हणाली, "ही पोटात होती तेव्हा मला डोहाळे लागले. तुमच्या बाबांनी लुपे मारून आणलं. गावच्या प्रमुखाच्या, मताईंच्या मानाचा पक्षी तो! त्यांना न देता, घराचे झावळ्यांचे पडदे खाली सोडून, लपून खाल्लं आम्ही."

"आई, लुपस वेगळं," मी म्हणाले. "अंगातली घंटा..."

"तू गप. म्हणे अंगात घंटा! चार बुकं शिकलीस म्हणून पक्ष्याचं नाव बदलत नाही." तिने गोळ्यांची बाटली कमरेला खोचली. "मताईंची माफी मिळेपर्यंत या नाहीत. एका वेळी दोन दारांत हात पसरायचा नसतो."

मी ताईकडे पाहिलं. "जाऊ या," ती म्हणाली. "तिच्या कमरेतून त्या काढायचा दुसरा रस्ता नाही."

सकाळी आम्ही गावच्या मताईंच्या, तुईलोमांच्या घरासमोर खडीवर बसलो. आई आणि ताई डोक्यावरून ताईचीच चटई घेऊन वाकल्या, मी मागे. मताईंनी येऊन चटई उचलली की माफी. तोवर उठायचं नाही.

आत कुजबुज झाली. चटई घेऊन कुणी असं बसतं ते समोरच्या घरातल्या कुणाचा खून झाल्यावर.

"कुणाला मारलं यांनी?" तुईलोमांचा आवाज.

"अहो, आपली पोरं मोजा आधी!" त्यांची बायको. "थोरला कुठाय?"

"अळूच्या शेतात."

"मग बोलवा त्याला! तो दिसेपर्यंत चटईला हात लावाल तर बघा."

शेत डोंगरावर. ऊन नारळांच्या वर आलं. चटई इतकी तलम की ताईच्या मानेचे मणके तिच्यातून दिसत होते. तिचा श्वास आखूड झाला. एक हात बाहेर आला, तो खडीवर टेकला. बोटं लालभडक सुजलेली. आई पुटपुटली, "हलू नकोस गं. सगळं वाया जाईल."

थोरल्याचा पत्ता नव्हता.

मग चटईखालून ताईचा आवाज आला, स्पष्ट.

"तुईलोमा, तुमचं कुणी मेलेलं नाही. एक कबूतर मेलंय. माझ्या जन्माआधी."

मग तुईलोमा उतरून आले. त्यांनी चटई उचलली आणि ताईचा चेहरा बघून तिच्या अंगावर सावली पडेल असे उभे राहिले.

"जाडजूड होतं का?" त्यांनी आईला विचारलं.

आई रडू लागली. "होतं हो, फार."

"मग माफ केलं. पण माझा वाटा राहिलाच. काय द्याल?"

"माझ्या गोळ्या," ताई म्हणाली. "आईच्या कमरेला आहेत. त्या मला द्यायला सांगा."

तुईलोमांनी तळहात पुढे केला. आईने बाटली काढून त्यावर ठेवली.

"लेक बरी होईपर्यंत," ते बाटली ताईच्या हातात देत म्हणाले, "रोज हिने यातली गोळी घेतली की माझा वाटा पोचला."

संध्याकाळी चर्चची घंटा झाली, गाव जागच्या जागी थांबलं. प्रार्थनेनंतर आईने स्वतः पाणी आणलं. ताईने गोळी गिळली.

"थांबली का गं तुझी ती आतली घंटा?" आईने हळूच विचारलं.

"इतक्यात नाही. महिने लागतील, डॉक्टरीणबाई म्हणाल्या."

दुसऱ्या दिवशी मी उठले तेव्हा घरात अंधारच होता. पूर्वेकडचे सगळे पडदे आईने खाली सोडले होते.