अन्वरची वीत

अमिरातीतल्या एका लष्करी तळाच्या कुंपणाच्या आत समुद्राचा एक तुकडा येतो आणि त्या तुकड्यावर अन्वरचं राज्य चालतं. सुटीच्या दिवशी जवान तिथे गळ टाकतात. कुठला मासा घरी न्यायचा आणि कुठला परत पाण्यात सोडायचा, हे अन्वर ठरवतो. पंचेचाळीस सेंटीमीटरच्या आतला हामूर मासा सोडायचा, असा नियम. त्यासाठी मिळालेली पोलादी पट्टी कपाटात नवीकोरी पडलेली. कोकणातल्या साखरी नाटे गावात होडीवर वाढलेल्या माणसाला मासा मोजायला पट्टी लागावी, ही कल्पनाच त्याला अपमानाची वाटायची. त्याच्या उजव्या हाताच्या दोन विती म्हणजे बरोबर पंचेचाळीस. अकरा वर्षांत कुणी बोट दाखवलं नव्हतं.

महिन्यापूर्वी त्याचा अंगठा फाटकात चेमटला. सूज उतरली, पण अंगठा पुरता उघडेना.

"डॉक्टरला दाखवा ना," अजमानच्या घरी बिलकीस, त्याची बायको, रोज म्हणायची.

"आणि त्याने अनफिट लिहिलं तर? तळावर शिरायचा पास रिन्यू व्हायचाय. नोकरी खलास!"

त्या शनिवारी कॅप्टनसाहेबांच्या गळाला हामूर लागला. पासवर सही त्यांचीच. अन्वरने दोन विती घातल्या आणि "ओके सर" म्हणाला. साहेबांना काय लहर आली कोण जाणे, त्यांनी पट्टी मागवली. एक्केचाळीस भरला.

"पट्टी झूठ बोलती है, अन्वर?"

मासा वळवळला, असं म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण महिनाभरात किती कोवळे मासे आपण लोकांच्या बादल्यांत घातले, ते तो मनात मोजू लागला.

"पट्टी सही है सर. मेरा हाथ छोटा हो गया." त्याने अंगठा पुढे केला.

साहेबांनी बादली स्वतः पाण्यात उपडी केली. "मंडे को डॉक्टर. पास बाद में, इन्शाल्ला."

डॉक्टरने कामाला हरकत घेतली नाही, पण अंगठा आता एवढाच उघडेल म्हणाला. पास आला. सोबत साहेबांच्या हातची एक ओळ होती: यापुढे मोजमाप पट्टीने.

पास मिळूनही अन्वर घरी तोंड पाडून बसला. बिलकीसने त्याचा उजवा हात ओढून टेबलावर ठेवला आणि शेजारी आपली वीत ताणली. लग्नाच्या दिवसापासून तिची वीत त्याच्यापेक्षा बोटभर कमी भरायची. आज दोन्ही सारख्या भरल्या.

"बरं झालं," ती म्हणाली, आणि हात तसाच ठेवला.