दादाच्या पोटात निघालं ते

माझा मोठा भाऊ विल्फ्रेड पार्डी. कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या आमच्या गावात तो हिवाळाभर रस्त्यावरचा बर्फ काढायची गाडी चालवायचा आणि उन्हाळ्यात त्याच रस्त्यांचे खड्डे बुजवायचा. बावन्न वर्षांत डॉक्टरकडे गेला तो एकदाच, बोट चेपलं तेव्हा.

त्या हिवाळ्यात त्याचं पोट सुटायला लागलं. इतकं, की स्टिअरिंगला टेकायचं. आम्ही त्याची यथेच्छ टिंगल केली. रविवारी जेवायला बसलो की मी विचारायची, "काय दादा, कितवा महिना?"

तो पोटावरून हात फिरवायचा. "जुळी आहेत, उना. सगळी तुझ्या वहिनीच्या पुडिंगची पुण्याई."

हात-पाय मात्र काड्यांसारखे होत चालले होते. मी वृद्धाश्रमात नर्स आहे, रोज माणसांची अंगं पाहते. आणि मला ते दिसलं नाही.

मार्चमध्ये त्याच्या जांघेत गाठ आली. हर्निया, असं निदान झालं. तासाभराचं ऑपरेशन, संध्याकाळी घरी. मी आणि मार्जोरी वहिनी बाहेर बसलो होतो. वहिनीने पिशवीतून विणकाम काढलं, चार ओळीही झाल्या नसतील, तोच सर्जन बाहेर आला. तोंडावरचा मास्क हातात, चेहरा पांढराफटक.

"मिसेस पार्डी, मी पोट परत शिवून टाकलंय."

"झालं एवढ्यात?"

"नाही. हर्नियाच्या पिशवीत जेली होती. आत कॅमेरा घालून पाहिलं. सगळं पोट जेलीने भरलंय." त्याने मास्क खिशात कोंबला. "अपेंडिक्सचा कॅन्सर वाटतोय. मी हे पुस्तकात वाचलं होतं. प्रत्यक्षात आज पहिल्यांदा पाहिलं."

वहिनीने विणकाम मांडीवर ठेवलं. मग अगदी शांतपणे म्हणाली, "तुम्ही दुसऱ्याच कुणाचं पोट उघडलं असेल. एकदा बघून या."

मला हसू फुटलं. खरंच फुटलं. आणि ते थांबेना, तेव्हा कुणीतरी मला पाणी आणून दिलं. डोक्यात एकच घुमत होतं. कितवा महिना, कितवा महिना.

दादा शुद्धीवर आला. "झालं? सोमवारी गाडीवर जाता येईल ना?"

वहिनीने आडपडदा न ठेवता सांगितलं. त्याने पोटावरच्या पट्टीवर हात ठेवला. मग म्हणाला, "अपेंडिक्स? त्या शेपटीला कॅन्सर होतो?" एवढंच.

या कॅन्सरचं ऑपरेशन करणारी एक सर्जन कॅलगरीला होती, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. वहिनीने आजवर बेट सोडलं नव्हतं. विमानात तिने माझा हात असा धरला की नखांचे वण उठले.

त्या सर्जनबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. जिथे जिथे जेली चिकटलीय ते सगळं काढायचं. मग रिकाम्या पोटात कॅन्सरचं गरम औषध भरायचं आणि तासभर पोट हलवत राहायचं.

"म्हणजे मला शेवंडासारखं उकडणार?" दादाने विचारलं.

"शेवंडापेक्षा कमी आचेवर," बाई म्हणाल्या. तेवढं एकदाच आम्ही तिथे हसलो.

अकरा तास लागले. प्लीहा गेली, पित्ताशय गेलं, हातभर आतडं गेलं. नऊ किलो जेली निघाली. नऊ किलो! माझी धाकटी मुलगी पहिल्या वाढदिवसाला तेवढी होती.

पाचव्या दिवशी ताप चढला. आतड्याचा एक टाका उसवला होता, पुन्हा पोट उघडावं लागलं. त्यानंतर दादा भिंतीकडे तोंड करून पडायचा. नळीतून जेवण जायचं. एकदा वहिनीला म्हणाला, "मला घरी ने. मरायचं तर तिथे मरू दे."

"खुशाल मर," ती म्हणाली, "पण मेलास तर गाठ माझ्याशी आहे!" आणि तिने त्याला धरून उभं केलं. दारापर्यंत सात पावलं. दुसऱ्या दिवशी नऊ.

मला कामासाठी आधी परतावं लागलं. जूनमध्ये ते दोघं आले, तेव्हा मी विमानतळावर घ्यायला गेले. वहिनीबरोबर एक म्हातारा चालत होता. मी त्याच्या मागे दादाला शोधत राहिले. "उना, मी इकडे आहे," म्हातारा म्हणाला.

मग पाच वर्षं तपासण्या. दर खेपेला आठवडाभर आधी घरात कुणी कुणाशी बोलायचं नाही. पुढच्या हिवाळ्यात तो अर्धा दिवस गाडीवर जाऊ लागला, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात पूर्ण दिवस.

गेल्या ऑक्टोबरात डॉक्टरांनी स्कॅनचे फोटो पाहिले, पुन्हा पाहिले आणि म्हणाले, "काहीच नाही. आता यायची गरज नाही."

दादाचा चेहरा पडला. वाईट बातमीच्या दिवशीही मी तो असा पाहिला नव्हता. बाहेर येऊन तो गाडीत बसला, चावी हातातच. वहिनी शेजारी, मी मागे.

"विल्फ, चल की."

"कुठे?"

"घरी. आणखी कुठे?"

तो हललाच नाही. "मार्जोरी, त्याने माझेच फोटो पाहिले ना गं?"

"तुझेच," वहिनी म्हणाली. "नाव मी वाचलं. दोनदा वाचलं."