एका बसपासात पुणे, आणि माझ्या जाहिराती दाबणारी माणसं

ट्रॅव्हल ब्लॉगर स्वतःच्याच शहरात फिरायला निघाली की समजावं, पैसे संपले आहेत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी विचारायला नको.

गेल्या वर्षी मी हडपसरच्या एका आयटी कंपनीतली सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी सोडली, तेव्हा डोक्यात लडाख होतं, मेघालय होतं, झालंच तर व्हिएतनामही होतं. घरी एक वर्षाची मुदत मागितली होती. हिशोब सोपा होता. ब्लॉगवर जाहिराती लावायच्या, लोक वाचायला येतील, त्यातले काही जण जाहिराती दाबतील, जाहिरात कंपनी त्याचे पैसे देईल आणि वर्षाअखेर ब्लॉग मला पोसायला लागेल. नाहीच लागला, तर निमूटपणे परत नोकरी. वर्ष या महिन्यात संपत होतं आणि माझं जगभ्रमण दिवेआगर, भोर आणि दोनदा वाई एवढ्यावर आटोपलं होतं.

तरी मी आशेवर होते. कंपनी ठरावीक रक्कम साठल्याशिवाय पैसे सोडत नाही आणि गेल्या काही महिन्यांत माझा आकडा अचानक भराभर चढायला लागला होता. आणखी एक बरी पोस्ट पडली की पहिली कमाई हातात येणार होती. इकडे जुन्या मॅनेजरनी माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती. शुक्रवारपर्यंत हो की नाही ते कळव, म्हणाले होते. पहिली कमाई आली असती, तर मी छाती काढून नाही म्हटलं असतं. म्हणून ठरवलं, शहर बसचा दिवसभराचा पास काढायचा आणि धायरी, कात्रज, हडपसर असं फिरून त्यावर लिहायचं.

"मी पण येतो," पप्पा म्हणाले.

पप्पा सरकारी कचेरीच्या आवक-जावक विभागातून निवृत्त झालेत. हल्ली त्यांना का कोण जाणे, दिवसभर फोन येतात. प्लॉट घ्या, विमा घ्या, गुडघ्याचं तेल घ्या. त्या दिवशीही चपला घालेपर्यंत दोन फोन झाले. आईनं दारातूनच आमच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "पासपोर्ट घेतलेत ना दोघांनी?"

धायरी फाट्यावर गाडीवरचे पोहे खाल्ले. पोहे बरे होते, चहा गोड होता. पास कंडक्टरकडेच मिळतो, सुटे पैसे आणि ओळखपत्र तयार ठेवा. आमच्या कंडक्टरनं पास फाडता फाडता विचारलं, "दिवसभर जाणार कुठे?"

"इथंच. पुणं बघणार," मी म्हटलं.

"मग काढा. अर्धा दिवस थांब्यावरच जाईल."

माणूस खोटं बोलला नाही. एक रिक्षा, एक बस आणि बायपासवरचा भरपूर धूर अशा क्रमानं आम्ही कात्रजला पोचलो, तोवर ऊन चांगलं चढलं होतं. माझा बेत जोरदार होता. सर्पोद्यान आणि प्राणिसंग्रहालयापासून सुरुवात, मगरीचे फोटो, वाघ दिसला तर वाघ. फाटकाला कुलूप होतं. आतल्या रखवालदारानं न उठताच बोटानं पाटी दाखवली. बुधवारी बंद.

"पप्पा, आज बुधवार आहे."

"हो, मला माहीत होतं."

"मग घरी का नाही सांगितलंत?"

"तू ट्रॅव्हल ब्लॉगर ना," पप्पा म्हणाले. "मला वाटलं, बाहेरूनच बघायचं असेल."

हसू की चिडू ते ठरत नव्हतं. तेवढ्यात फोनवर मेल आला. जाहिरात कंपनीचा. पहिली कमाई जमा झाली असणार म्हणून मी तो तिथेच, कुलपासमोर उघडला. कंपनीनं कळवलं होतं की तुमच्या ब्लॉगवर जाहिराती संशयास्पद रीतीनं दाबल्या जात आहेत, सबब तुमचं खातं बंद करण्यात आलं आहे आणि साठलेली रक्कम जाहिरातदारांना परत दिली जाईल.

वर्षभराचं काम होतं ते. शेजारच्या कट्ट्यावर बसून मी मेल पप्पांना मोठ्यानं वाचून दाखवला. ज्याला जाहिरातीतली वस्तू खरंच बघायची आहे त्यानंच ती दाबावी, लिहिणाऱ्याच्या भल्यासाठी दुसऱ्या कोणी दाबली तर ती फसवणूक, असा नियम आहे, हेही समजावलं. "माझ्या वाइटावर कोण उठलंय? दुसऱ्या ब्लॉगवाल्यांचं काम असणार," मी म्हटलं. एरवी रोज फुकटच्या सूचना देणारे माझे पप्पा चपलेचा पट्टा नीट करायला लागले. मग म्हणाले, "कात्रज डेअरीची लस्सी घ्यायची का?"

लस्सी उत्तम होती. घट्ट, बेताची गोड. मला मात्र ती कळली नाही, तेव्हा तुम्ही गेलात तर माझ्या वाटणीचीही प्या.

दुपारच्या जेवणाला आत्याकडे जायचं होतं. आत्या कात्रजलाच राहते, डेअरीपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर. तिनं दार उघडलं, "जय भीम, ये बाई," म्हणाली आणि पप्पांकडे वळून एकदम हजेरी दिल्यासारखं बोलली, "दादा, माझी आजची झाली बरं का. सकाळीच उरकली."

"काय उरकलं, आत्या?"

"अगं, तुझ्या जाहिराती! बुद्धवंदना झाली की पहिलं काम तेच माझं. दहा-पंधरा तर सहज दाबते. आज एक फ्रिजची होती, एक पुरुषांच्या बुटांची. कसलीही असो, मी भेदभाव करत नाही. भिशीतल्या सगळ्याजणींनाही लावून दिलंय."

मी पप्पांकडे बघितलं. पप्पा पंख्याकडे बघत होते. पंखा बंद होता.

मग सगळं हळूहळू बाहेर आलं. माझा आकडा ज्या महिन्यात चढायला लागला, त्याच महिन्यात पप्पांनी कामाला सुरुवात केली होती. आमच्या धायरीच्या सोसायटीतले ज्येष्ठ नागरिक सकाळी, आत्या आणि तिची भिशी त्यानंतर, पप्पांचे कचेरीतले जुने सहकारी दुपारच्या झोपेआधी. कोणावर ताण नको म्हणून पाळ्या लावल्या होत्या. प्लॉटवाले आणि गुडघ्याच्या तेलवाले पप्पांच्या मागे का लागले होते, तेही त्याच क्षणी मला कळलं. जाहिरात दाबून पुढच्या पानावर नंबर मागितला की पप्पा इमानदारीत नंबर देत होते.

जेवण फार छान होतं. बाजरीची भाकरी, भरलं वांगं, दही. मी रागानं दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

कात्रजहून हडपसरची बस कोंढव्याच्या बाजूनं जाते. या मार्गावर प्रेक्षणीय काय आहे ते मला विचारू नका, मी सगळा वेळ भांडत होते.

"पप्पा, मला एकदा विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."

"म्हणजे नको म्हणणार हे माहीत होतं!"

"अगं, नवीन हॉटेल उघडलं की पहिले काही दिवस घरचेच जाऊन बसतात ना टेबलावर? रिकामं दिसू नये म्हणून," पप्पा म्हणाले. मग खिडकीबाहेर बघत, जरा खालच्या आवाजात, "तू रात्री तो आकडा बघत बसायचीस आणि तुझं तोंड उतरायचं. मला ते बघवत नव्हतं."

पुढच्या सीटवरच्या बाई वळून वळून ऐकत होत्या. त्यांनी आपणहून पप्पांना खिडकीपासून आत सरकायला सांगितलं, "ऊन लागतंय हो तुम्हाला," म्हणाल्या. म्हणजे बसमधली सहानुभूती कोणाकडे होती ते उघड आहे.

हडपसरला गाडीतळावर उतरून रिक्षानं आयटी पार्क गाठलं. तिथे आत्याचा मुलगा नितीन डिजिटल मार्केटिंगमध्ये आहे. खातं परत मिळवायचा काही मार्ग असेल, तर तोच सांगू शकला असता. कॅन्टीनमध्ये कॉफी घेऊन त्यानं माझी कहाणी ऐकली आणि कपाळाला हात लावला.

"मामा! आणि आई पण? अहो मामा, धिस इज क्लिक फ्रॉड!"

पप्पांचा चेहरा उतरला. "फ्रॉड?" ते म्हणाले. "नितीन, मी पूर्ण नोकरीत कचेरीतला चहासुद्धा स्वतःच्या पैशानं प्यायलो."

मला दिवसभर पप्पांवर ओरडायचं होतं, पण ओरडले मी नितीनवर. फ्रॉड शब्द परत काढायचा नाही म्हणून बजावलं. मी का संतापले, ते मलाही तेव्हा कळलं नाही. नितीननं शांतपणे कंपनीकडे अपील करायचं पान उघडलं आणि खुलासा लिहायला सांगितला. पप्पा सावरून बसले आणि मजकूर सांगू लागले, "सदर जाहिराती या अर्जदाराच्या वडिलांच्या सूचनेवरून, केवळ प्रेमापोटी दाबण्यात आल्या असून, त्यात कोणताही गैरहेतू नव्हता." नितीननं त्याचं इंग्रजी केलं. कंपनीचा नकार आमची कॉफी संपायच्या आत आला. यंत्रच वाचतं म्हणे ते.

"ताई, सोड ना," नितीन म्हणाला. "ॲड्समध्ये काही राहिलं नाही आता. लोक वाचतच नाहीत, फक्त स्क्रोल करतात. तू रील्स कर. नाहीतर लिंक विक. माझ्याकडे एक लोनवाला क्लायंट आहे, तुझ्या कोकणाच्या पोस्टमध्ये दोन वाक्यं टाकायची, की ट्रिपसाठी पर्सनल लोन कसं बेस्ट असतं. महिन्याला एवढी एक पोस्ट, बास."

"आणि फिरायचं कधी?"

"फिरायची काय गरज आहे? टेन बेस्ट प्लेसेस घरी बसून लिहितात सगळे."

मग त्यानं सहज म्हणून माझ्या ब्लॉगची वाचकसंख्या उलगडून दाखवली. कुठून किती आले, किती वेळ थांबले. मी आजवर फक्त एकूण आकडा बघून खूश होत असे. धायरी, कात्रज, परत धायरी. आले, जाहिरात दाबली, गेले. माझी एक पोस्ट लिहायला मला आठवडा लागतो. त्यावर कोणी चहाचा घोट घेण्याइतकंही थांबलं नव्हतं. खातं गेल्याचं दुःख त्यापुढे काहीच नव्हतं. मला वाटत होतं की लोक मला वाचतात आणि मी तेवढ्यासाठीच नोकरी सोडली होती.

"पप्पा," मी विचारलं, "तुम्ही तरी वाचलंत का हो कधी? एखादी पोस्ट?"

पप्पांनी प्रामाणिकपणे मान हलवली. "जाहिरात दाबली की दुसरंच काहीतरी उघडतं. तिथून परत कसं यायचं, ते मला जमत नाही."

परतीच्या बसमध्ये गर्दी होती. हडपसर ते स्वारगेट उभ्यानं, पुढे धायरीपर्यंत बसायला मिळालं. संध्याकाळी या मार्गावर जाणार असाल तर पाणी जवळ ठेवा आणि कोणाशी भांडण शिल्लक ठेवू नका. स्वारगेटहून बस सुटल्यावर मी मॅनेजरना फोन केला आणि सोमवारपासून येते म्हणून सांगितलं. आवाज अगदी नीट ठेवला होता. फोन ठेवल्यावर पप्पांनी माझ्या हातातली पिशवी स्वतःकडे घेतली.

आता तुमच्यापैकी जे नोकरी सोडून ब्लॉगवर जगायचं स्वप्न बघत असतील, त्यांच्यासाठी चार शब्द. ब्लॉगवर पोट भरणारे लोक असतील, मला अजून भेटले नाहीत. हॉटेलवाले एका थाळीच्या बदल्यात कौतुक मागतात, कर्जवाले कोकणात घुसतात आणि जाहिरातींचं खातं एका मेलनं बंद होतं. फिरायचं असेल तर पगार घेऊन रजेत फिरा. लिहायचं असेल तर लिहा, पण आकडा बघू नका. आणि काहीही झालं तरी घरच्यांना जाहिराती कशा चालतात ते समजावून सांगू नका. मी सांगितलं होतं, मोठ्या हौसेनं.

घरी आल्यावर मी ब्लॉगवरच्या जाहिरातींच्या रिकाम्या चौकटी काढून टाकल्या. पान एकदम मोकळं दिसायला लागलं. तुम्ही आत्ता वाचताय ते तेच. पप्पांनी हातपाय धुतले, चष्मा पुसला आणि फोन घेऊन सोफ्यावर बसले. "आता कुठे हात लागला तरी दुसरं काही उघडणार नाही ना?" एवढी खात्री करून घेतली. मी पहिली पोस्ट लावून दिली आणि आत जाऊन भाताला फोडणी घालायला लागले, कारण समोर उभं राहण्याची माझी हिंमत नव्हती.

बराच वेळ बाहेरून आवाज नाही. मला वाटलं, झोपले असणार. मग पप्पा हसले. ते हसतात तेव्हा खोकल्यासारखा आवाज येतो, एकदा, मग थांबून परत दोनदा. भोरच्या बसमध्ये एका बाईनं कोंबडीसाठी खिडकीची जागा धरली होती, तो भाग होता तो. मी तो परिच्छेद चार वेळा लिहून खोडला होता. हातातला झारा तसाच धरून मी उभी राहिले आणि मला इतकं बरं वाटलं, की लडाखला जाऊनही वाटलं नसतं.

"अगं, ऐकलंस का," पप्पांनी आईला हाक मारली, "हिनं त्या कोंबडीचं काय लिहिलंय माहितीये का?"

"सांगू नका हो," आई आतल्या खोलीतून म्हणाली. "तुमचं झालं की फोन इकडे द्या. मी वाचणार आहे."