ताजबीचं पहिल्या नंबरचं चित्र

मौलाली मणेर सकाळी बांगड्यांच्या माळा खांद्यावर टाकून बाहेर पडायचा तो दिवस कलल्यावर परत यायचा. एक दिवस कसबा बावडा, एक दिवस पंचगंगेपलीकडची गावं, एक दिवस शहरातल्याच पेठा. बायकांचे हात दाबून दाबून त्याच्या बोटांना पीळ पडला होता, आणि चालून चालून टाचांना भेगा. पन्नाशी गाठायच्या आतच तो म्हातारा दिसायला लागला होता. एवढं असूनही स्टेशनाजवळच्या मैदानात सिनेमाचा तंबू पडला, की घराकडे वळायच्या आधी त्याचे पाय तिकडे वळायचे.

तंबूच्या दाराशी आकाराम उभा असायचा. हा एकेकाळचा पैलवान. एका कुस्तीत गुडघा गेला, तालीम सुटली, आणि आता तो तंबूवाल्याकडे दार सांभाळायचा. त्याच्या बायकोला मौलाली सणासुदीला बांगड्या भरायचा. त्याच्या बदल्यात आकाराम त्याला आत सोडायचा. आकारामचं सगळं बोलणं कुस्तीच्या भाषेत. कुठलं चित्र पहिल्या नंबरचं, कुठलं दुसऱ्या, कुठल्यानं कुणाला अस्मान दाखवलं, यावर दोघांचा वाद चालायचा. आकारामच्या मते मारामारीचं चित्र ते चित्र. मौलालीचा पहिला नंबर घोड्याच्या चित्राला. त्यात एका गोऱ्या सरदाराचा पांढरा घोडा होता. सरदार लढाईत पडतो, आणि घोडा एकटाच घरी येऊन फाटकाशी उभा राहतो. माणसं सोंग करतात, मौलाली म्हणायचा, घोड्याला सोंग जमत नाही. तो उभा राहिला तो खराच उभा राहिला. दुसरा नंबर जाड्या साहेबाला, जो दर खेपेला उठायला जातो आणि पुन्हा चिखलात बसतो. तिसरा पुलावरून कोसळणाऱ्या आगगाडीला. शेवटचा नंबर एका देवादिकांच्या चित्राला, कारण उडणाऱ्या गंधर्वाच्या पाठीची तार दिसत होती.

मौलाली हौशी होता हे खरं, पण तो नुसत्या हौसेपायी जात नव्हता. अठरा सालच्या मानमोडीच्या साथीच्या तापानं त्याच्या घराची पार दशा करून टाकली होती. ते साल आठवलं की कोल्हापुरात अजून माणसं बोलता बोलता गप्प होतात. त्या तापात त्याची बायको ताजबी अंथरुणाला खिळली होती, आणि तेवढ्यात शिरोळहून निरोप आला, की तिथं दिलेली त्यांची एकुलती एक लेक बेगम तापानं फणफणली आहे. मौलाली एकटाच गेला. परत आला तेव्हा दारातच एवढं म्हणाला, की आटपलं. ताजबीनं काही विचारलं नाही. ती तापातून उठली, पण पायातली ताकद गेली, आणि त्याहून वाईट म्हणजे अन्नावरची वासना गेली. ताट पुढ्यात घेऊन बसायची, घास मोडायची, आणि तसाच ठेवून द्यायची. उंबरा ओलांडायचं तर नावच नाही.

एका संध्याकाळी मौलालीनं तिला सहज जाड्या साहेबाची गंमत सांगितली. तो कसा उठला, कसा घसरला, कसा टोपी शोधायला वाकला आणि पुन्हा कसा पडला. सांगता सांगता त्यानं पाहिलं, तर ताजबीनं अख्खी भाकरी संपवली होती. तिला स्वतःलाही कळलं नव्हतं.

तेव्हापासून चित्र बघून ते घरी सांगायचं हे त्याचं कामच होऊन बसलं. पण दिवसभराची पायपीट करून आलेला माणूस तो. तंबूतला अंधार, गोणपाटाची ऊबदार बैठक, बाजाच्या पेटीचे सूर. त्याच्या पापण्या जड व्हायच्या. पडद्यावरची अक्षरं मोठ्यानं वाचून दाखवणारा माणूस ओरडत असायचा, आणि मौलालीची हनुवटी छातीला टेकलेली असायची. खेळ सुटला की आकाराम त्याला पायानं हलवून उठवायचा. मग घराकडे जाताना मौलाली डोळ्यांपुढचे तुकडे जोडत, राहिलेल्या जागा मनानं भरत चालायचा.

पुराच्या चित्राच्या वेळी तर तो पार गळून गेला होता. त्या दिवशी बावड्यात कुणाच्या लग्नाचे चुडे भरून आला होता. चित्रात एक विधवा कोळीण आणि तिची लेक. नदीला पूर येतो, लेक पलीकडच्या काठावर अडकते, होडी सुटते. एवढं त्यानं पाहिलं. पुढं डोळे उघडले तेव्हा लोक धोतरं झटकत उठत होते.

घरी चुलीपुढे बसून तो सांगत गेला. होडी सुटली, पाणी चढलं, आई काठानं धावत सुटली. इथं त्याची गाडी अडली, कारण पुढं काय झालं हे त्याला माहीत नव्हतं. ताजबीनं घास हातातच धरला होता. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती, आणि तसं बघताना तो तिला फार दिवसांनी पाहत होता.

"पुढं?" ती म्हणाली.

"पुढं काय," मौलाली म्हणाला, "पोरगी आली की. पाणी उतरल्यावर चालत आली दारात."

ताजबीनं घास खाल्ला. त्या रात्री तिनं आणखी वाढून घेतलं.

पुढच्या दोन वर्षांत त्यानं तिला पुष्कळ चित्रं सांगितली, आणि ऐकता ऐकता तिनंही आपले नंबर लावले. घोड्याला ती फार मोठा मान देत नव्हती. जनावराचं प्रेम खरं, पण त्याला घर कुठं असतं, असं तिचं म्हणणं. आगगाडी तिला मुळीच आवडली नव्हती. पुराचं चित्र पहिलं, आणि बाकीची सगळी त्याच्या खूप मागं. शेजारच्या शालूबाईला ती ते सांगायची, आणि ती पोरगी भिजलेल्या लुगड्यानं दारात कशी उभी राहिली, आईनं तिच्या डोक्यावरून हात कसा फिरवला, हेही सांगायची. यातलं लुगडं आणि हात मौलालीनं कधी सांगितलेच नव्हते. तो मुकाट्यानं ऐकायचा.

त्या साली दिवाळीनंतर तंबू आला, आणि शालूबाई बातमी घेऊन आली, की पुराचं चित्र पुन्हा लागलंय. बायकांना कनातीपलीकडं वेगळी जागा आहे, सांजेचाच खेळ आहे, लवकर सुटतो. मी हात धरून नेते, चल. ताजबी हो म्हणाली.

मौलालीनं तिला परावृत्त करायचा प्रयत्न केला. गर्दी असते म्हणाला. चित्र जुनं झालंय, मधेच तुटतं म्हणाला. तुझे पाय कुठं चालायचे म्हणाला. ताजबी ओढणीला टाका घालत होती. टाका पुरा करून तिनं दोरा तोडला.

"पैल्या नंबरचं हाय," ती म्हणाली. "तेच न्हाय बघायचं, तर कुठलं बघायचं?"

दुसऱ्या दिवशी तो फेरी अर्धी टाकून आकारामकडे गेला आणि त्या चित्राचा शेवट काय आहे ते विचारलं. आकाराम चकित झाला. "तू बघितलंस की, मौला." मग त्याच्या लक्षात आलं, आणि तो हसला नाही. "पोरगी मरती," त्यानं सांगितलं. "पाणी उतरल्यावर चिखलात घावती. आई तोंड पुसती तिचं. तिथंच संपतंय."

मौलाली तंबूच्या दोरीला टेकून खाली बसला. आकारामला त्याच्या घरचं सगळं ठाऊक होतं. तो आपण होऊन म्हणाला, की त्या दोघी आल्या तर बायकांची जागा भरली म्हणून मी त्यांना दारातनं परत फिरवतो; तू निवांत राहा. मौलालीला ते पटलं.

ठरल्या संध्याकाळी तो दाराच्या आडोशाला उभा राहिला. रस्त्यानं टांगे येत होते, माणसं येत होती. मग त्याला शालूबाई दिसली, आणि तिच्या बाजूला पांढरी चादर पांघरलेली ताजबी. ती सावकाश येत होती. थोडं चालायची, थांबायची, शालूबाईचा खांदा धरायची, पुन्हा चालायची. शेवटच्या तुकड्यात तिनं खांदाही सोडला. तीन वर्षं जी बाई परसापर्यंत जाताना भिंत धरायची, ती स्टेशनापर्यंत चालत आली होती. चादरीच्या फटीतून तिचं तोंड दिसत होतं. ती दमली होती आणि घाई करत होती.

आकारामनं मौलालीकडे पाहिलं. मौलालीनं हातानं खूण केली, की जाऊ दे आत.

त्या दिवशी पहिल्यांदा त्याचा डोळा लागला नाही. पुरुषांच्या बाजूला बसून त्यानं सगळं चित्र पाहिलं. पूर कुठल्या तरी तळ्यावर काढलेला होता, होडी लहान होती, आणि कोळिणीचं काम करणारा पुरुष होता हे त्याच्या मनगटावरून कळत होतं. मौलालीला मनगटं कळायची. तरी शेवटी त्या बाईनं पदरानं पोरीच्या तोंडावरचा चिखल पुसायला घेतला तेव्हा तंबूत कुणी खोकलंसुद्धा नाही. कनातीपलीकडे कुणीतरी बाई रडत होती. त्यानं कान दिला. तो आवाज शालूबाईचा होता.

खेळ सुटल्यावर तिघं मिळून घराकडे आली. शालूबाई आपल्या दाराशी वळली. ताजबीनं चादर घडी करून खुंटीला लावली, चूल पेटवली, आणि ती चुलीपुढे बसून राहिली. मौलाली भिंतीला पाठ लावून बसला. त्याच्या पिंढऱ्या ठणकत होत्या.

"झोप लागलती तवा तुमाला," ताजबी म्हणाली. तो प्रश्न नव्हता.

"व्हय."

"कुठनं?"

"होडी सुटली तिथनं."

तिनं मान हलवली. लाकूड आत सरकवलं. मग त्याच्याकडे न बघता म्हणाली, "शिरोळात जागं हुतासा न्हवं? तिथलं सांगा. जेवढं बघितलासा तेवढंच सांगा."

मग मौलालीनं सांगितलं. तीन वर्षं जे दारातल्या एका शब्दात गुंडाळून ठेवलं होतं, ते त्यानं उलगडलं. शिरोळ रोडला उतरून तो चालत गेला तेव्हा गावात घरोघर हेच चाललं होतं. जावई अल्लाउद्दीन स्वतः तापात होता, त्याला धड बोलता येत नव्हतं. कबरी खणायला माणसं मिळत नव्हती, तेव्हा उसाच्या फडातून उठून आलेल्या दोन कुणब्यांनी हात लावला होता. मौलाली पोचला तेव्हा माती ओढायचं चाललं होतं. तोंड बघायला मिळालं नाही. त्यानं तीन मुठी माती दिली. त्यांतल्या एका कुणब्यानं त्याला पाणी पाजलं.

तो थांबला. ताजबी त्याच्याकडे वळली.

"तिला न्हाऊ घालणाऱ्या बाईनं बांगड्या माझ्या हातात दिल्या," तो म्हणाला. "ईदला मीच भरलेल्या. चांगल्या आवळून भरल्या हुत्या. त्या न फुटता निघाल्या, ताजे. एकबी फुटली नव्हती."

ताजबीला समजायला वेळ लागला नाही. बांगड्या भरणाऱ्या मणेराची बायको ती. तिनं आपला एक हात दुसऱ्या हाताच्या मनगटाभोवती धरला आणि आवळला.

"एवढी वाळली हुती," ती म्हणाली.

त्या बांगड्या घरी आणायचा धीर मला झाला नाही, कृष्णेच्या पाण्यात सोडल्या, असं त्यानं सांगितलं. मग ती रडायला लागली. मोठ्यानं नाही, पाट्यावर काही वाटावं तसं अंग पुढं मागं करत, खूप वेळ. लेक गेल्यापासून ती रडली नव्हती हे मौलालीच्या तेव्हा ध्यानात आलं. चूल विझली ती त्यानं पुन्हा पेटवली. पहाटेच्या सुमारास ती म्हणाली, की मला शिरोळला जायचंय.

आठवडाभरात ते गेले. आगगाडीनं शिरोळ रोडपर्यंत, आणि तिथून अल्लाउद्दीननं पाठवलेल्या बैलगाडीतून. वाटेत मौलालीनं तिला पुराच्या चित्राचा नंबर आता काय, असं विचारायचं धाडस केलं. ती उसाकडे बघत म्हणाली, की तुम्ही सांगितलेलं ते पहिलंच. तंबूतलं जे हाय त्याला नंबर देऊ नका, ते नंबराचं न्हाय.

अल्लाउद्दीननं दुसरं लग्न केलं होतं. त्याची नवी बायको लाजाळू होती. तिनं ताजबीचे पाय धुवायला पाणी आणलं आणि कोपऱ्यात उभी राहिली. जेवण झाल्यावर तो दोघांना गावाबाहेर घेऊन गेला. लिंबाच्या झाडाखाली मानमोडीतल्या कबरी ओळीनं होत्या, मातीचे नुसते उंचवटे, आणि तीन पावसाळ्यांनी तेही बसत चालले होते. अल्लाउद्दीन एका उंचवट्यापाशी थांबला. मग घुटमळला, आणि शेजारच्यापाशी गेला.

"यांतली एक," तो खाली बघत म्हणाला. "मी तापात हुतो, मामी. दगड लावायचं राहून गेलं."

मौलालीनं आठवायचा प्रयत्न केला. त्यानं माती दिली होती, पण तेव्हा हे झाड कुठल्या हाताला होतं ते त्याला आठवेना. त्याला वाटलं, ताजबी आता खचणार. पण ती दोन कबरींच्या मधल्या जागेत बसली, एक हात इकडच्या मातीवर ठेवला, एक तिकडच्या. ओठांतल्या ओठांत तिनं फातिहा म्हटली. मग मूठभर माती उचलून बोटांनी कुसकरून बघितली.

"काळी हाय," ती म्हणाली. "चांगली हाय माती."

आणि उठता येईना, तेव्हा तिनं मौलालीपुढे हात केला.