भेंडीतली जीवनशक्ती

बोथ गावच्या निसर्गोपचार शिबिरातून आल्यावर नवऱ्यानं शुगरच्या गोळ्या बंद केल्या. ताज्या भाजीत जीवनशक्ती असते, ती झाडावरून तोडून न धुताच खायची, असं तिथल्या गुरुजींनी सांगितलं होतं. दुसऱ्या सकाळी हे आमच्याच वावरात भेंडी तोंडाशी नेऊन उभे.

मी विचारलं, "काल हिच्यावर किडीचं औषध कोणं मारलं?"

हात थांबला. "मीच."

"मंग खाऊन काऊन राह्यले?"

"किती दिवस थांबा लागते?"

"आठ. तवर गोळी घ्या."

त्यांनी गोळी घेतली. आमच्याकडं दर आठव्या दिवशी फवारणी असते आणि ती तेच करतात. त्यामुळे जीवनशक्ती अजून झाडावरच आहे, आणि त्यांची शुगर ताब्यात.